हजार मालकांचा मॉल

अमरावतीहून निघालेली मुंबईची गाडी ठाणे, मुलुंड मागे टाकते आणि वाटेत भांडुप स्टेशन येते. गाडी तिथे थांबत नाही. वऱ्हाडातले प्रवासी तोवर बर्थखालच्या बॅगा ओढायला लागलेले असतात. या स्टेशनाच्या पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गावर, २००९ च्या सुमारास 'ड्रीम्स' नावाचा मॉल उभा राहिला. हजाराहून अधिक गाळे, सरकते जिने, थंडगार हवा आणि एका चढत्या बिल्डर कंपनीचे नाव. पुढच्या बारा-तेरा वर्षांत बिल्डर दिवाळखोरीत गेला, ज्या बँकेने त्याला पैसा पुरवला ती बुडाली, अकरा माणसे आगीत आणि धुरात गेली आणि अखेर मॉलला टाळे लागले.

भांडुपच्या मॉलची ही कथा वऱ्हाडात बसून वाचण्याजोगी आहे. गाळे सुटे सुटे विकून उभी राहणारी व्यापारी संकुले आता अमरावती आणि अकोल्यालाही नवी राहिलेली नाहीत. अशा इमारतीची सुरुवात सगळ्यांना दिसते. ती कोणत्या वळणावर घसरते, हे भांडुपमध्ये फार जवळून पाहायला मिळाले.

लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे मुंबईचा जुना आग्रा रोड. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते. भांडुपला सीएटचे टायर, एशियन पेंट्सचे रंग, जीकेडब्ल्यूचे स्क्रू आणि नटबोल्ट. डोंगरावर कामगारांची वस्ती, खाली पाळीचा भोंगा. १९८२ चा गिरणी संप लक्षात राहिला तो लालबाग-परळमुळे, पण उपनगरांतले कारखानेही पुढच्या दोन दशकांत एकामागून एक आकसले. जमिनीला सोन्याचा भाव आला होता आणि त्या जमिनीवर माल बनवण्यापेक्षा माल विकणे जास्त फायद्याचे ठरू लागले होते.

१९९१ नंतर परदेशी ब्रँड आले, नोकरदारांच्या हाती क्रेडिट कार्ड आले. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ पिरामल समूहाने 'क्रॉसरोड्स' सुरू केला. मुंबईचा हा पहिला आधुनिक मॉल पाहायला इतकी गर्दी लोटली, की व्यवस्थापनाने काही काळ दारात अट घातली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. त्या काळी या दोन वस्तू मूठभरांकडेच असत. बाजारात शिरायला माणसाने ऐपत दाखवावी, ही गोष्ट अनेकांना झोंबली आणि झोंबायलाच हवी होती. वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात खिशात दमडी नसलेला माणूसही दिवसभर हिंडू शकतो, भाव विचारू शकतो, सोयऱ्याला भेटून परत येऊ शकतो. बाजार हा त्याचाही असतो.

अट फार दिवस टिकली नाही. मॉल मात्र पसरले. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सला पहिली काही वर्षे करमणूक करात मोठी सवलत दिली, आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर सिनेमा बसवणे बिल्डरांना परवडू लागले. सिनेमाला आलेला माणूस खाली काहीतरी खातो, काहीतरी घेतो, हे गणित जमले. मुलुंडला निर्मल लाइफस्टाइल, मालाडला इनॉर्बिट अशी नावे उपनगरांच्या तोंडी बसली. मुलुंडचा निर्मल मोकळ्या आभाळाखालचा होता. मधली ऐसपैस वाट, दोन्हीकडे दुकाने, बसायला कट्टे. संध्याकाळी आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तिथे. ज्यांना मरीन ड्राइव्हला जायला दीड तास लागायचा, त्यांना घराजवळ फिरायला जागा मिळाली. खरेदी केलीच पाहिजे असे कुणी म्हणत नव्हते. मॉलवर लोकांनी जीव लावला तो या मोकळीकीमुळे.

इथे मॉलच्या धंद्यातला एक बारकावा समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

मॉल दोन तऱ्हेने चालवता येतो. पहिल्या तऱ्हेत इमारत एकाच मालकाची असते आणि दुकाने भाड्याने दिली जातात. कोणत्या मजल्यावर कपडे, कुठे खाणे, कुठे लहान मुलांचे खेळ, हे मालक ठरवतो. मोठ्या दुकानाला तो मुद्दाम स्वस्तात जागा देतो, कारण त्याच्यामुळे गर्दी येते आणि त्या गर्दीवर लहान दुकानांचे भाडे वसूल होते. एखादे दुकान चालेनासे झाले की ते बदलता येते. वातानुकूलन, जिने, सफाई, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा हे सगळे एकाच हातात राहते. या तऱ्हेत पैसा हळूहळू परत येतो, दहा-पंधरा वर्षे वाट पाहण्याची ताकद लागते.

दुसऱ्या तऱ्हेत बिल्डर गाळे सुटे सुटे विकून टाकतो. बांधकाम चालू असतानाच पैसा हाती येतो, कर्ज फिटते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे वळतो. गाळा घेणारे बहुधा लहान गुंतवणूकदार असतात. निवृत्तीच्या रकमेतून, गावाकडची जमीन विकून, पोराला धंदा काढून द्यायचा म्हणून घेतलेला तो गाळा असतो. काहींना दुकान चालवायचे असते, काहींना नुसते भाडे हवे असते, काही जण भाव वाढेपर्यंत कुलूप लावून ठेवतात. मग मोबाइलच्या दुकानाशेजारी शिकवणी वर्ग, त्याशेजारी बंद शटर, त्याशेजारी गोदाम. मोठ्या ब्रँडला सलग वीस गाळे हवे असतात, पण त्यांचे वीस मालक असतात आणि त्यातले चार जण तयार होत नाहीत. ब्रँड पुढे निघून जातो.

ड्रीम्स दुसऱ्या तऱ्हेचा होता. हजाराहून अधिक गाळे आणि तितकेच मालक.

तो उघडला ते वर्षही त्याच्या फारसे बाजूचे नव्हते. त्याच रस्त्यावर, थोडे दक्षिणेला, घाटकोपरला २००९ मध्येच आर सिटी सुरू झाला. तो अनेक पटींनी मोठा होता, त्याची आखणी एकहाती होती. २०११ मध्ये कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी आला, २०१३ मध्ये ठाण्याला विवियाना. भांडुपच्या ग्राहकाला डावीकडे गेले तरी मोठा मॉल आणि उजवीकडे गेले तरी मोठा मॉल. मुलुंडच्या निर्मललाही याच काळात उतरती कळा लागली, मोठी दुकाने एकेक करून निघाली. २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आले, फ्लिपकार्ट आधीपासून होतेच, आणि मोबाइल, पुस्तके, चपला घरपोच येऊ लागल्या. पुढे या रस्त्याच्या मधोमध मेट्रो चारच्या कामाचे पत्रे लागले आणि मॉलपर्यंत गाडी नेणेही नकोसे झाले.

स्पर्धेने मॉल रिकामा होतो, हे खरे. पण रिकामा मॉलही नीट झाडलेला, उजेडाचा आणि सुरक्षित राहू शकतो. त्याचा खर्च द्यायला कुणीतरी बांधील असावे लागते. गाळा बंद असला की मालक देखभालीचे पैसे देईनासा होतो. पैसे आले नाहीत की जिने बंद पडतात. जिने बंद पडले की उघड्या दुकानांचेही गिऱ्हाईक तुटते, आणि तेही दुकानदार पैसे द्यायचे थांबतात. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे फार अवघड असते. २०१८ पासून ड्रीम्सचा कारभार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. मॉलचा जन्मदाता तोवर स्वतःच गटांगळ्या खात होता.

हा जन्मदाता म्हणजे एचडीआयएल, वाधवान कुटुंबाची कंपनी. २००७ मध्ये तिने शेअर बाजारात प्रवेश केला. त्याच वर्षी मुंबई विमानतळाच्या जमिनीवरच्या झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनाचे प्रचंड काम तिला मिळाले. २०१३ मध्ये विमानतळ कंपनीने तो करार रद्द केला आणि एचडीआयएलचा कणा मोडला. कर्जे थकत गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

पाठोपाठ २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. पीएमसी या नावाने ही बँक ओळखली जाई. खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असा तो आदेश होता. सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी अडकल्या. रिक्षावाले, निवृत्त शिक्षक, गृहनिर्माण संस्था, गुरुद्वारे, सगळे त्यात होते. बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकट्या एचडीआयएल समूहाकडे होती आणि ती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला राकेश आणि सारंग वाधवान यांना अटक झाली.

या बँकेचे मुख्य कार्यालय भांडुपला होते, याच ड्रीम्स मॉलमध्ये. कर्ज देणारी बँक कर्जदाराने बांधलेल्या इमारतीत बसत होती, आणि त्या इमारतीतले गाळे सामान्य माणसांनी घामाच्या पैशातून घेतले होते. गाळेधारक आणि ठेवीदार या दोघांचीही पुंजी एकाच घराण्याच्या कर्जात गुंतून पडली. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांची पडझड वऱ्हाडाने जवळून पाहिली आहे. पासबुक हातात धरून शटरसमोर उभे राहणे काय असते, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला पैशासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली.

मार्च २०२० मध्ये करोनाने सगळेच मॉल बंद केले. राज्यातले मॉल पुन्हा उघडले ते ५ ऑगस्टला, आणि तेही सिनेमा आणि खाद्यगृहांशिवाय. मधल्या काळात भांडुपच्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर सनराइज हे रुग्णालय सुरू झाले होते. शहराला खाटा हव्या होत्या आणि महासाथीच्या तातडीत त्याला परवानगी मिळाली होती. २२ ऑक्टोबर २०२० रोजी नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. मोबाइलच्या दुकानांनी भरलेली ती इमारत दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि शेजारच्या उंच इमारतीतून सुमारे ३,५०० लोकांना बाहेर काढावे लागले. त्यानंतर अग्निशमन दलाने मुंबईतल्या मॉलची तपासणी केली, त्रुटी आढळलेल्यांना नोटिसा बजावल्या. त्यांत ड्रीम्सही होता.

दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल वऱ्हाडात लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीतले आकडे राज्यात सर्वांत आधी वर गेले. २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ इथेही निर्बंध आले. मार्चच्या मध्यापर्यंत ती लाट मुंबईत होती. भांडुपच्या त्या रुग्णालयात सत्तरहून अधिक रुग्ण दाखल होते, बहुतेक करोनाचे, काही कृत्रिम श्वासोच्छ्वासावर.

२५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मॉलच्या पहिल्या मजल्यावर आग लागली. मॉलची रचनाच अशी असते, की मधला चौक खालपासून वरपर्यंत मोकळा सोडलेला असतो. दिवसा याच मोकळेपणामुळे मॉल भव्य वाटतो. आगीत तोच भाग धुराड्यासारखा काम करतो. तापलेला धूर वर चढतो, वरच्या छताखाली पसरतो आणि तिथून आडवा जिन्यांत, बोळांत, खोल्यांत शिरतो. खालच्या मजल्यांवर बंद शटर, त्यांच्यामागे काय साठवले आहे याचा पत्ता नाही. वर खाटांवर खिळलेली, ऑक्सिजनच्या नळ्या लावलेली माणसे. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून, खिडक्या फोडून रुग्णांना खाली आणले, दुसऱ्या रुग्णालयांत हलवले. अकरा जण वाचू शकले नाहीत.

मॉलमध्ये रुग्णालय आपण पहिल्यांदाच पाहिले, असे महापौर किशोरी पेडणेकर घटनास्थळी म्हणाल्या. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी भेट देऊन मृतांच्या नातेवाइकांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. गुन्हा नोंदला गेला, चौकशी झाली. दोष कुणाचा किती, हे कोर्टाचे काम आहे. पण नोटीस आली तेव्हा ती कुणाच्या हातात पडली आणि पंप दुरुस्त करायचे पैसे कुणी काढायचे होते, हा प्रश्न सुटत नाही. बिल्डर दिवाळखोरीत होता, प्रशासक न्यायाधिकरणाने नेमलेला होता, मालक हजार होते. यंत्रणा बंद पडायला यातल्या कुणीही काही वाईट करण्याची गरज नव्हती. कुणीच काही केले नाही तरी पुरे होते.

वर्ष उलटले आणि मार्च २०२२ मध्ये त्याच बंद मॉलला पुन्हा आग लागली. तळघरात पाणी साचून राहिले.

मॉल मरण्याची ही एकच रीत नाही. क्रॉसरोड्स पिरामलांकडून किशोर बियाणींच्या फ्यूचर समूहाकडे गेला, 'सोबो सेंट्रल' झाला, समूह कर्जात बुडाला तसा ओस पडला आणि शेवटी के. रहेजा कॉर्पने घेतला. बियाणींचे बिग बाजार २००१ पासून देशभर पसरले होते, सव्वीस जानेवारीच्या स्वस्ताईला त्यांच्या दारात रांगा लागत. पण दुकानांच्या जागा भाड्याच्या होत्या आणि टाळेबंदीत भाडे थकले. २०२० मध्ये रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटींचा सौदा ॲमेझॉनने अडवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने थकलेल्या भाडेकरारांच्या आधारे दुकानेच ताब्यात घेतली, आणि बिग बाजारच्या जागी स्मार्ट बाजारच्या पाट्या लागल्या. अमरावती आणि अकोल्यात जम बसवलेल्या डी-मार्टने नेमकी उलट वाट धरली. शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, दिखावा करायचा नाही, दुकाने सावकाश वाढवायची. एकाच व्यवसायात एक कोसळतो आणि दुसरा टिकतो, यामागे ग्राहकाच्या आवडीपेक्षा जागेच्या मालकीचा हिशेब जास्त आहे.

अमेरिकेत हे आधीच घडून गेले. मिनेसोटातल्या इडायना गावी ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल उघडले. बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा तो मूळ नमुना. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन व्हिएन्नाचे, नाझींमुळे देश सोडून आलेले. त्यांना उपनगरातल्या एकाकी माणसांसाठी व्हिएन्नासारखा गावचौक हवा होता, भोवती घरे, शाळा, बागा असलेला. बिल्डरांनी दुकाने आणि पार्किंग तेवढे उचलले. उतारवयात ग्रुएन यांनी या मॉलचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. ओहायोमधला रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी होता, २००९ मध्ये तो बंद पडला, आणि आज त्या जागी ॲमेझॉनचे गोदाम आहे.

बाजाराची जबाबदारी कुणाची, या बाबतीत वऱ्हाडाकडे मात्र स्वतःचा जुना अनुभव आहे आणि तो विसरला गेला याची हळहळ वाटते. कारंजा लाड, आज वाशीम जिल्ह्यात असलेले गाव. तिथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने तो आला, त्यामागे मँचेस्टरला निर्भेळ कापूस हवा होता हे उघड आहे. पण बाजाराच्या आवारात काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. तोवर अडते आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. शेतकरी गाडीशेजारी उभा असे, त्याच्या कापसाचा भाव त्यालाच कळत नसे. मापात मारणे, धर्मादाय म्हणून कापणे, नमुन्याचा कापूस परत न देणे हे नित्याचे होते. नियंत्रित बाजारात जागा ठरली, वजनमापे तपासली जाऊ लागली, अडत आणि हमालीचे दर बांधले गेले आणि आवाराची जबाबदारी समितीकडे आली. १८९७ च्या कायद्याने ही पद्धत वऱ्हाडभर नेली. समितीत व्यापारीच भरलेले होते, शेतकऱ्याला जागा नव्हती, आणि १९२८ च्या रॉयल कमिशनने त्यावर बोट ठेवले. तरीही बाजाराचा वजनकाटा बिघडला तर कुणाच्या दारात जायचे, हे कारंज्याच्या शेतकऱ्याला ठाऊक होते. भांडुपच्या गाळेधारकाला जिना बंद पडल्यावर ते ठाऊक नव्हते.

अमरावतीत बडनेरा रोडवर तापडिया सिटी सेंटर आहे, सिनेमागृहासह. नागपूर महामार्गावर नांदगाव पेठच्या बाजूला बिझीलँड, सिटीलँड, ड्रीमलँड ही कापडाच्या घाऊक व्यापाराची मोठी संकुले आहेत. विदर्भातले आणि मध्य प्रदेशातले किरकोळ दुकानदार लग्नसराईच्या आधी तिथे गाड्या घेऊन येतात, गठ्ठे बांधून नेतात. या संकुलांची जान तिथल्या व्यापारात आहे. गाळ्याचा मालक स्वतः गादीवर बसलेला असतो. बंद शटरच्या भाववाढीवर त्याची नजर नसते, त्याला रोज सकाळी संकुल चालू हवे असते.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. त्यानुसार अशा प्रत्येक इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, असे दोनदा 'ब' नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे असते. पंप चालतो, पाण्याची टाकी भरलेली आहे, फवारे सुरू आहेत, वाटा मोकळ्या आहेत, असे त्यावर लिहून द्यावे लागते. अकोल्यात किंवा अमरावतीत गाळ्याचा सौदा करताना माणूस रेडीरेकनरचा दर विचारतो, पार्किंग विचारतो, पुढे भाव किती चढेल ते विचारतो. देखभालीचा निधी कुणाच्या खात्यात जमा होतो आणि गेल्या जुलैच्या 'ब' नमुन्यावर सही कुणाची आहे, हेही त्याच बैठकीत, बयाणा देण्याआधी विचारता येते.